दूरध्वनीच्या देयकाची कसोटी

व्यापार दोन गोष्टींवर उभा असतो : माप आणि वही. माप खोटे असेल तर वही कितीही सुवाच्य लिहिलेली असो, तिचा उपयोग नाही. आणि वही खोटी असेल तर खऱ्या मापाचे चीज होत नाही. म्हणूनच हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देताना कमी आणि घेताना अधिक भरणारे माप वापरणे, हा आपल्याकडे अचौर्यव्रताचा अतिचार मानला गेला. राज्यकर्त्यांनीही हा विषय केवळ सचोटीवर सोडला नाही. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजने-मापे आली, आणि आज २००९ च्या वैधमापन कायद्यान्वये आपल्या पेढीवरील तराजू ठराविक मुदतीने तपासून त्यावर शिक्का मारला जातो.

परंतु एक माप असे आहे की, ज्याचे पैसे आपण नित्य देतो आणि जे आपल्या डोळ्यांसमोर कधीच नसते. ते माप म्हणजे दूरध्वनीचे. आपण किती वेळ बोललो, कोठे बोललो, कोणत्या दराने बोललो, हे सर्व कंपनी मोजते, तीच लिहिते आणि तीच देयक पाठविते. विकणाराच तोलारी, विकणाराच मुनीम. अशा व्यवहारात मापाची परीक्षा कोणी व कशी करावयाची, हा प्रश्न सहजच उभा राहतो. त्याचे एक उत्तर ‘स्वयंचलित चाचणी-कॉल’ या पद्धतीत आहे. ही पद्धत काय आहे, ती कोठवर विश्वासार्ह आहे आणि आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनी तिच्यापासून काय शिकावे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

बऱ्हाणपूरकरांना हा प्रश्न अधिक का जाणवतो

आपले शहर मध्य प्रदेशात असले तरी आपला व्यवहार सीमेपलीकडे अखंड चालतो. यंत्रमागाचे कापड असो, कापूस असो की केळी असोत. रावेर, भुसावळ, जळगाव येथे दिवसातून कित्येक वेळा बोलल्याशिवाय पेढीचे काम होत नाही. आता दूरसंचाराच्या दृष्टीने मध्य प्रदेश व छत्तीसगड मिळून एक सेवाक्षेत्र आहे, आणि मुंबई वगळून महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. शेजारचे रावेर आपल्याला घरासारखे. पण कंपनीच्या नकाशात ते परक्षेत्र.

एके काळी या रेषेला पैशाची किंमत होती. शेजारच्या गावी बोलण्यास एस.टी.डी.चा दर लागे. १ मार्च २००६ रोजी भारत संचार निगमाने देशभर एक रुपया मिनिट या दराची ‘वन इंडिया’ योजना आणली, तेव्हा अंतराचा हा भेद बराच मिटला. भ्रमणध्वनीच्या बाबतीत मात्र रोमिंगचा आकार पुढेही राहिला. सीमेजवळ उभे असता भ्रमणध्वनीने पलीकडच्या मनोऱ्याचा संकेत धरला, तर माणूस आपल्या जिल्ह्यात असूनही वहीत तो परक्षेत्रात लिहिला जाई. नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये रोमिंगच्या दरांच्या कमाल मर्यादा खाली आणल्या, आणि त्यानंतर बहुतेक योजनांतून हा वेगळा आकार नाहीसा झाला. तथापि त्यातून मिळालेला धडा कायमचा आहे. देयकातील रक्कम केवळ आपल्या बोलण्यावर ठरत नाही. ते बोलणे यंत्राने कोणत्या सदरात टाकले, त्यावर ती ठरते. आणि सदर चुकले तर बेरीज बरोबर असूनही हिशेब चुकतो.

जुना मीटर आणि आजची नोंद

वडीलधाऱ्या मंडळींना ट्रंक कॉलचे दिवस आठवत असतील. कॉल नोंदवावयाचा, वाट पाहावयाची, आणि तीन मिनिटांचा हिशेब ऑपरेटरने हाताने लिहावयाचा. २६ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान ग्राहकाने स्वतः फिरवून परगावी बोलण्याची सोय देशात प्रथम सुरू झाली, आणि ऑपरेटरची जागा मीटरने घेतली. या व्यवस्थेत बोलणे चालू असताना एक्स्चेंजमधील मीटरला ठोके मिळत. अंतर जितके अधिक, तितके ठोके जलद. महिन्याअखेर ठोक्यांची संख्या वाचून देयक निघे. कोणता कॉल कोणाला व किती वेळ, याचा मागमूस त्या आकड्यात नसे; म्हणून मीटर अधिक फिरल्याची तक्रार आली तर ती खरी की खोटी हे ठरविणे दोन्ही पक्षांस कठीण जाई.

इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावर प्रत्येक कॉलची स्वतंत्र नोंद होऊ लागली. कोणी केला, कोणास केला, केव्हा सुरू झाला, किती सेकंद चालला, कोणत्या मार्गाने गेला, हे सारे तीत असते. ही नोंद एक्स्चेंजमध्ये जन्म घेते. तेथून संकलन करणाऱ्या यंत्रणेकडे जाते, जेथे अपूर्ण व दुबार नोंदी गाळल्या जातात. पुढे दर लावणारी यंत्रणा तिच्यावर योजनेप्रमाणे आकार चढविते. आणि शेवटी ती देयकात उतरते. आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत हेच काम कॉल चालू असतानाच होऊन शिलकेतून रक्कम वजा होते.

आपल्या शहरातील कुंडी भंडाऱ्याची रचना ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे चटकन उमजेल. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी झालेल्या या कामात सातपुड्याच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी बोगद्यांतून शहराकडे आणले असून वाटेत ओळीने कुंड्या ठेवल्या आहेत. एका कुंडीत पाणी भरपूर व पुढच्या कुंडीत कमी दिसले, तर झीज त्या दोहोंच्या मध्ये आहे, एवढे वरून पाहणाऱ्यासही कळते. दूरध्वनीच्या नोंदीचाही प्रवास असाच कुंडीकुंडीने होतो. प्रश्न एवढाच की, मुळात किती पाणी सोडले हे ठाऊक असल्याशिवाय शेवटी किती पोहोचले याला अर्थ नाही. चाचणी-कॉल म्हणजे मापून सोडलेले पाणी.

चाचणी-कॉल कसा होतो

या कामासाठी निरनिराळ्या गावी छोटी यंत्रे ठेवतात. प्रत्येक यंत्रात बाजारातून घेतल्यासारखीच साधी सिमकार्डे किंवा साध्या तारा जोडलेल्या असतात. सर्व यंत्रांची घड्याळे उपग्रहाच्या साहाय्याने एकमेकांशी जुळविलेली असतात. मध्यवर्ती केंद्रातून वेळापत्रक दिले जाते : अमुक वाजता अमुक यंत्राने अमुक क्रमांक फिरवावा, दुसऱ्याने उचलावा, आणि इतक्या सेकंदांनी तोडावा. यंत्र हा प्रत्येक कॉल स्वतःच्या वहीत लिहून ठेवते. काही दिवसांनी कंपनीच्या नोंदी व देयके मागवून दोन्ही वह्या ओळीने ओळ ताडून पाहिल्या जातात. रोजकीर्द व खतावणी यांचा मेळ घालावा, तसेच हे काम आहे.

या मेळात पाच प्रकारचे दोष सापडतात. कॉल झाला पण नोंद नाही, एकाच कॉलच्या दोन नोंदी, कालावधी चुकीचा, कालावधी बरोबर पण दर चुकीचा, आणि कॉल न लागताच आकार लागलेला.

वेळापत्रक मुद्दाम अवघड जागा शोधून आखतात. दर मिनिटास एक रुपया असेल व आकारणीचा ठोका साठ सेकंदांचा असेल, तर ५९ व ६० सेकंदांच्या कॉलला एक रुपया आणि ६१ सेकंदांच्या कॉलला दोन रुपये पडावयास हवेत. म्हणून ५९, ६० आणि ६१ असे तिन्ही कॉल करून पाहतात. मध्यरात्री तारीख बदलताना चालू असलेला कॉल, योजनेची मुदत संपण्याच्या क्षणी चालू असलेला कॉल, दुसऱ्या क्रमांकाकडे वळविलेला कॉल, परक्षेत्रातून केलेला कॉल, ठराविक मापाचा डेटा, ठराविक लांबीचा संदेश, या सर्वांची अशीच परीक्षा होते.

एका सेकंदाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला पैसा हा दर आणला आणि इतर कंपन्यांनाही सेकंदाच्या हिशेबाकडे वळावे लागले. समजा, अशा दरात एखाद्या एक्स्चेंजचे घड्याळ प्रत्येक कॉलमागे एक सेकंद अधिक मोजते आणि तेथून रोज दहा लाख कॉल होतात. ग्राहकाचा तोटा कॉलमागे एक पैसा, जो कोणाच्याही ध्यानात येणार नाही. परंतु कंपनीच्या पदरी रोज दहा हजार रुपये, म्हणजे वर्षाकाठी साडेछत्तीस लाख रुपये अनर्जित पडतात. सेकंद कमी मोजला तर तेवढेच तिचे बुडतात. ग्राहकाला एकटे राहून हा दोष कधीच दिसणार नाही. दिसला तर तो चाचणीतच दिसेल.

किती कॉल केले म्हणजे पुरे

येथे व्यापारी मनाला पटेल असा एक साधा नियम संख्याशास्त्रात आहे. जितके कॉल तपासले त्यांत एकही दोष सापडला नाही, तर तीन या संख्येस कॉलच्या संख्येने भागावे. जो भागाकार येईल, त्याहून खरा दोष अधिक नसावा, असे शंभरात पंचाण्णव इतक्या खात्रीने म्हणता येते. म्हणजे ३०० कॉल निर्दोष निघाले तर शंभरात एकाहून अधिक दोष नाही एवढेच सिद्ध झाले. दहा हजारांत एकाहून अधिक दोष नाही असे म्हणावयाचे तर तीस हजार कॉल निर्दोष निघाले पाहिजेत.

एका माणसाने दर दोन मिनिटांस एक याप्रमाणे आठ तास कॉल केले तर दिवसाला २४० होतात. तीस हजारांस १२५ दिवस लागतील, आणि त्याचा हात व घड्याळ यांचा मेळ राहील याचा भरवसा नाही. त्याच गतीने चालणाऱ्या यंत्राच्या पन्नास तारा रात्रंदिवस चालविल्या तर एका दिवसात ३६,००० कॉल होतात. चाचणी स्वयंचलित का असावी लागते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

गळती दोन्ही बाजूंनी

आपण ग्राहक म्हणून अधिक आकाराची भीती बाळगतो. कंपन्यांना मात्र न लागलेल्या आकाराची चिंता अधिक असते. एखादी नवी क्रमांकमालिका सुरू झाली आणि ती दरपत्रकाच्या कोष्टकात चढविण्याचे राहून गेले, तर त्या मालिकेवरील कॉल चुकीच्या दराने किंवा फुकट जातात. नोंदींची एखादी फाइल संकलनात हरवली, तर त्या तासाचा धंदा वहीत येतच नाही. महसुलाच्या अशा गळतीत शासनाचाही वाटा बुडतो. कारण कंपन्यांच्या समायोजित महसुलावर ८ टक्के परवाना शुल्क शासनास द्यावे लागते. वहीत न आलेल्या रुपयावर शुल्कही येत नाही.

कंपन्यांचा आपापसांतील हिशेबही याच नोंदींवर चाले. एका कंपनीचा कॉल दुसरीच्या ग्राहकाकडे पोहोचला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे रक्कम द्यावयाची. ही रक्कम २००९ पासून २० पैसे, २०१५ मध्ये १४ पैसे, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे अशी उतरत गेली आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाली. परदेशातून येणाऱ्या कॉलला मात्र हा आकार आजही आहे. १ मे २०२० पासून मिनिटास ३५ ते ६५ पैसे अशी त्याची मर्यादा ठरविण्यात आली.

या फरकातूनच एक चोरवाट निर्माण झाली. काही लोक परदेशी कॉल इंटरनेटवरून आत आणतात, अनेक सिमकार्डे बसविलेल्या पेटीतून तो साध्या स्थानिक कॉलसारखा बाहेर सोडतात, आणि मधला आकार गिळंकृत करतात. कंपनीच्या वहीत हा कॉल स्थानिक म्हणून लिहिला जातो. वही आपल्या परीने शुद्ध, पण माल खोटा. यासाठी परदेशातील यंत्रातून भारतातील चाचणी-क्रमांकावर निरनिराळ्या मार्गांनी कॉल करतात. पडद्यावर परदेशी क्रमांकाऐवजी एखादा भारतीय क्रमांक उमटला, की त्या सिमकार्डाचा पत्ता लागतो. ज्या व्यापाऱ्यांचे गिऱ्हाईक परदेशात आहे त्यांनीही हे लक्षात ठेवावे. परदेशातील ओळखीचा आवाज अनोळखी भारतीय क्रमांकावरून येत असेल, तर दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’ या व्यवस्थेत त्याची तक्रार देता येते.

या पद्धतीच्या मर्यादा

चाचणी-कॉल ज्या वाटेने गेला, त्या वाटेचीच साक्ष तो देऊ शकतो. शेकडो योजनांपैकी जी योजना तपासली नाही, तिच्यातील दोष तसाच राहील. दुसरे असे की, तपासणीची सिमकार्डे कंपनीला आधी ठाऊक असली आणि त्यांना वेगळी वागणूक मिळाली, तर सारी परीक्षा व्यर्थ होते. निरीक्षक येणार हे आधीच कळल्यावर गल्ल्याजवळ खरे वजन ठेवणाऱ्या दुकानदाराची तपासणी जशी, तशीच ही. म्हणून चाचणीचे क्रमांक सामान्य ग्राहकांत मिसळलेले असावेत आणि तपासणारा कंपनीच्या देयकविभागाहून स्वतंत्र असावा. तिसरे, चाचणीच्या जोडीस एक्स्चेंजमधील एकूण नोंदी व देयकातील एकूण नोंदी यांची बेरीज ताडून पाहणेही अवश्य आहे. एका उपायाने जे निसटते ते दुसऱ्यात सापडते.

कायदा काय सांगतो

१९९७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्यास सामान्यतः ट्राय म्हणतात, २००६ मध्ये मापन व देयक यांच्या अचूकतेविषयी नियम केले. त्यानुसार प्रत्येक कंपनीने प्राधिकरणाच्या यादीतील लेखापरीक्षकाकडून आपल्या मापन व देयक व्यवस्थेची दरवर्षी तपासणी करून घेणे बंधनकारक झाले. २०२३ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. म्हणजे तराजूवरच्या शिक्क्यासारखी एक व्यवस्था दूरध्वनीसही लागू आहे.

परंतु हा शिक्का व्यवस्थेवरचा आहे. आपल्या एका देयकाचा तंटा प्राधिकरण सोडवीत नाही. त्यासाठी प्रथम कंपनीच्या तक्रार-केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास २०१२ च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील-अधिकाऱ्याकडे जावे. त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. ग्राहक-न्यायालयाचे दार २००९ मधील एका निकालामुळे बंद झाल्यासारखे होते; पण सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात ग्राहक-न्यायालयांना अशा तक्रारी ऐकण्याचा अधिकार असल्याचे स्पष्ट केले. हा निकाल प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आपण काय करावे

आता ठराविक रकमेत अमर्याद बोलणे मिळते, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. बोलण्यापुरता तो बराच खरा आहे. पण आजच्या पेढीचे देयक केवळ बोलण्याचे नसते. कार्ड स्वीकारणाऱ्या यंत्रातील सिम, मालमोटारीवरील स्थाननिदर्शक यंत्रातील सिम, परदेशी कॉल, परदेशातील रोमिंग, आणि गिऱ्हाइकांस घाऊक पाठविले जाणारे संदेश, या सर्वांचे माप अजून चालूच आहे.

संदेशाचे उदाहरण घ्या. इंग्रजी लिपीतील संदेश १६० चिन्हांपर्यंत एक धरला जातो; देवनागरीतील केवळ ७० चिन्हांपर्यंत. शिवाय काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही वेगवेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘व्यापारी’ हा तीन अक्षरी शब्द तेथे आठ चिन्हांचा होतो. मजकूर ७१ चिन्हांचा झाला की दोन संदेशांचा आकार लागतो. दोन हजार गिऱ्हाइकांस दिवाळीच्या शुभेच्छा देताना एक वेलांटी अधिक पडली, तर दोन हजारांऐवजी चार हजार संदेशांचे पैसे भरावे लागतील. ही लबाडी नव्हे, मापाची रीत आहे. ती ठाऊक नसणे महाग पडते.

तेव्हा पुढील गोष्टी प्रत्येक पेढीने कराव्यात. चालू असलेल्या प्रत्येक सिमची यादी ठेवावी. बंद पडलेल्या यंत्रातील सिमचे भाडे वर्षानुवर्षे भरले जाणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. देयक तपशीलवार मागवावे. २०१२ च्या नियमांनी आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकासही ५० रुपयांहून अधिक नसलेल्या आकारात मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशील मागण्याचा हक्क दिला. देयक पेढीच्या नावाने व जी.एस.टी. क्रमांकासह घ्यावे, म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या सेवेवरील १८ टक्के कराची वजावट नियमाप्रमाणे मिळेल. योजना बदलली की पहिल्याच आठवड्यात स्वतःचे चार-सहा चाचणी-कॉल करावेत, वेळ व कालावधी कागदावर लिहावा, आणि देयक आल्यावर ताडून पाहावे.

हेच काम संघटनेने केले तर त्यास अधिक बळ येईल. पन्नास सभासदांनी एका महिन्यात प्रत्येकी दहा मोजलेले कॉल, संदेश किंवा डेटाचे व्यवहार लिहून ठेवले, तर पाचशे नोंदी होतात. त्या सर्व निर्दोष निघाल्या तर दोष हजारांत सहांहून अधिक नाही, असे वर सांगितलेल्या नियमाने म्हणता येईल. सदोष निघाल्या तर तक्रार एका दुकानदाराची न राहता पन्नास वह्यांच्या पुराव्यानिशी मांडता येईल. एकट्याच्या तक्रारीस ‘तुमची समजूत चुकली असेल’ असे उत्तर देणे सोपे असते; तारीख, वेळ व सेकंदांसह लिहिलेल्या पाचशे ओळींना तसे उत्तर देता येत नाही.

दूरध्वनीने आपला व्यापार तापीच्या दोन्ही तीरांवर आणि दोन्ही राज्यांत एका पेढीसारखा जोडला आहे. त्या सोयीचे मोल आपण आनंदाने देतो. मात्र जे मोल द्यावयाचे ते खऱ्या मापाने द्यावे व खऱ्या मापाने घेतले जावे, एवढा आग्रह धरणे हा संशयीपणा नाही. जो व्यापारी स्वतःचा तराजू तपासून घेतो, त्याला दुसऱ्याचा तराजू तपासण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो. आणि तो अधिकार वापरण्याचे साधन आता त्याच्या हाती आहे.